काटा हालतोय अजून

त्यांच्या हातात काहीही द्या, ते आधी तळहातावर तोलून बघायचे. पेरू असो, पत्र असो, लग्नाची पत्रिका असो. एकदा तर आमचं दोन महिन्यांचं मूल त्यांनी असंच तोललं. डोळे अर्धवट मिटले, हात दोनदा वरखाली झाले आणि त्यांनी वजन सांगितलं. ते दवाखान्यातल्या वजनाशी तंतोतंत जुळलं, तेव्हा आधी नाक मुरडणारी माझी बायकोच शेजारणींची मुलं त्यांच्यापुढे आणून धरायला लागली.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ते कारकून होते. सगळे त्यांना काटेवाले म्हणत, मीही तेच म्हणेन. उसाची बैलगाडी काट्यावर चढली की बैल पाय बदलायचे, शेपट्या उडवायचे आणि गाडीवान घाईला यायचा. "लिवा की साहेब, मागं रांग लागलीय." काटेवाले खिडकीतून शांतपणे सांगायचे, "थांब बे जरा. काटा हालतोय अजून." काटा पुरता स्थिर झाल्याशिवाय त्यांनी पावतीवर आकडा लिहिल्याचं कुणी पाहिलं नाही. वजनाची जागा कोरी ठेवून बाकी सगळी पावती भरून ते बसून राहायचे. या सवयीपायी त्यांनी गाडीवानांच्या जेवढ्या शिव्या खाल्ल्या, तेवढ्या चेअरमननंही खाल्ल्या नसतील.

मी तेव्हा कडा गावच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. आमच्याकडे दुष्काळ पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा मुक्काम ठोकतो. ते त्याचं दुसरं वर्ष होतं. ऊसच नव्हता, त्यामुळे कारखाना महिनाभरात थंडावला. गावाकडचे तोडणीवाले दूरच्या कारखान्यांकडे निघून गेले आणि काटेवाल्यांना तोलायला काही उरलं नाही. एक दिवस ते एक वही घेऊन माझ्याकडे आले, सवयीनं ती हातावर तोलली आणि म्हणाले, "पावशेर बी न्हाई, सर. पण वाचून बघा. चित्रं लागतील याला."

ती मुलांची गोष्ट होती. एक बाप, त्याची दोन मुलं, त्याची दुसरी बायको आणि तिच्याबरोबर आलेली तिची मुलगी. ही पाच माणसं उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्रावर जातात आणि तिथे भांडतात. खिडकीशी कोण बसणार, मोठी भाकरी कुणाला, आई कुणाच्या शेजारी झोपणार, अशी भांडणं. नाव होतं 'पाच ताटांची सुट्टी'. तालुक्याच्या सहकारी छापखान्याचं यंत्रही दुष्काळात रिकामंच होतं, म्हणून पुस्तक छापलं गेलं. मलपृष्ठावर हात जोडलेल्या चेअरमन साहेबांचा फोटो घालावा लागला. आमच्या शाळेतल्या एकूणएक प्रतीवर मुलांनी त्यांना शिंगं काढली. पुस्तक मात्र मुलांना आवडलं, आणि मग दर उन्हाळ्याला एक अशी त्यांची मालिकाच सुरू झाली.

चित्रांच्या बाबतीत त्यांनी एकच अट घातली होती. "पोरगी पाठमोरी काढा, सर. तिचं तोंड मला अजून दिसलं न्हाई."

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा मला या अटीचा अर्थ कळला. वहीतली पाच माणसं तिथे जिवंत बसली होती. काटेवाल्यांची पहिली बायको तापात गेली होती. दोन मुलगे लहान होते. त्यांनी एका विधवा बाईशी पाट लावला. अशा वेळी आधीचं मूल बहुधा आजोळी ठेवतात, पण काटेवाल्यांनी मुलीलाही घरी आणलं. ती नऊ वर्षांची होती. मुलगे त्यांना अण्णा म्हणायचे. मुलगी मात्र काहीच म्हणायची नाही. जेवण तयार झालं की दारात येऊन नुसती उभी राहायची. फारच अडलं तर, "आई, त्यांना सांग."

पाण्याची तर बोंबच होती. टँकर एक दिवसाआड यायचा. आंघोळ अंगणात बाजेवर बसून करायची आणि बाजेखाली घमेलं ठेवायचं. त्यात पडलेल्या पाण्यात कपडे खळबळायचे आणि उरलेलं लिंबाच्या झाडाला घालायचं. मुलगे बादलीभर पाण्यासाठी एकमेकांच्या उरावर बसायचे. काटेवाले मला हळूच म्हणाले, "पोरगी तीन तांब्यांत आंघोळ करती, सर. चौथा कधी मागत न्हाई. घरचं लेकरू हाय का पाहुणा?" असं बोलून ते बराच वेळ रिकामा तांब्या हातात तोलत बसले. त्या माणसाला आयुष्यात दुसरं काही नको होतं. त्या पोरीनं आपल्याला हाक मारावी, एवढंच हवं होतं.

वाचणाऱ्या मुलांनाही तेच हवं होतं. छापखान्याच्या पत्त्यावर पोस्टकार्डं यायची, 'ती मुलगी बाबांना हाक कधी मारणार?' काटेवाले प्रत्येकाला उत्तर लिहायचे, 'काटा हालतोय अजून.' मीसुद्धा एकदा वैतागून म्हणालो, "अहो, गोष्टच आहे ना? मारू द्या की हाक." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना उसात दगड घालायला सांगितलं होतं. "घरात झाल्याबिगर वहीत कसं लिवू?"

पण एक वजन त्यांनी न बघता लिहिलं होतं, आणि ते उघडं पडलं. पुण्याच्या एका मुलीचं पत्र आलं. तिनं विचारलं होतं, 'समुद्रावर गेल्यावरही ही माणसं बाजेवर बसून आंघोळ का करतात? खाली घमेलं का ठेवतात?' काटेवाल्यांनी पत्र दोनदा वाचलं. "कावून विचारतंय हे लेकरू? मग काय, पाणी तसंच वाहू देत्यात?" मी सांगितलं की हो, बाकीच्या जगात तसंच वाहू देतात. ते ओशाळले. त्यांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. "न बघता लिवलं, सर. ही तर चोरी झाली." आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी सगळ्या घराला समुद्रावर न्यायचं ठरवलं. चित्रांसाठी मलाही बरोबर घेतलं.

एसटी बदलत बदलत दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत पुस्तकातली सगळी भांडणं माझ्या डोळ्यांदेखत झाली. थोरला मुलगा खिडकी सोडेना, धाकट्याला उलट्या झाल्या, आणि मुलगी आईच्या पदराला धरून सगळ्यात मागच्या सीटवर. काटेवाले मधल्या सीटवर बसून एकदा पुढे बघायचे, एकदा मागे. माझा जीव नुसतं बघूनच शिणला. सुट्टी म्हणजे विश्रांती असं ज्यानं ठरवलं, त्यानं असा प्रवास केला नसावा.

कोकणात आम्ही एका बाईंच्या घरी दोन खोल्या घेतल्या होत्या. मागे नारळाची झाडं, विहीर तुडुंब, न्हाणीघरात वाहता नळ. दुसऱ्या दिवशी सकाळी आरडाओरडा ऐकून मी मागच्या दारी गेलो. मुलगी सगळ्यांच्या आधी उठली होती. खोलीतली खाट तिनं एकटीनं ओढत परसात आणली होती, तिच्याखाली बाईंचं घासूनपुसून ठेवलेलं तांब्याचं घंगाळ सरकवलं होतं आणि परकर-पोलक्यानिशी खाटेवर बसून ती आंघोळ करत होती. बाजूच्या बादलीतून तिनं तीनच तांबे घेतले होते.

"अगो, हे काय चालवलंस? न्हाणीघर आहे ना!" घरमालकीण ओरडत होती. "माझी खाट भिजवलीस सगळी!" मग तिचं लक्ष दारात उभ्या असलेल्या मुलांकडे गेलं. "ही तुमचीच बहीण ना रे?"

थोरला लाजेनं लाल झाला होता. तो म्हणाला, "न्हाई. आमची न्हाई ती. आईसंगं आलीया."

मुलीची आई चुलीपाशी पीठ मळत होती. तिनं ते ऐकलं. ती उठली. पिठाच्या हातांनीच खोलीत गेली आणि पिशवीत आपले आणि मुलीचे कपडे भरायला लागली. मुलगी ओल्या अंगानं खाटेवर तशीच बसून राहिली. हातातला तांब्या तिनं खालीही ठेवला नाही. मला वाटलं, संपलं. हा संसार इथे, या नारळांखाली मोडला.

काटेवाले विहिरीवरून येत होते. त्यांनी मुलाला मारलं नाही, बायकोला समजावलं नाही. बंडी काढली, खाटेवर मुलीशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "घाल पोरी पाणी. माझी बी ऱ्हायलीय."

मुलगी उभी राहिली. तिनं एक तांब्या त्यांच्या डोक्यावर ओतला, दुसरा ओतला, तिसरा ओतला आणि थांबली. काटेवाले डोळे मिटून बसले होते. मग तिनं बादलीत तांब्या बुडवला आणि चौथा ओतला. मग पाचवा. मग तिला हसू आलं आणि बादली रिकामी होईपर्यंत ती ओततच राहिली.

"बाई," काटेवाले नाकातोंडातून पाणी झाडत घरमालकिणीला म्हणाले, "आमच्याकडची रीतच हाय ही. खाट मी उन्हात घालतो. हे पाणी नारळाला घाला, वाया जाऊ देऊ नका." मग मुलांकडे वळले. "या रं दोघं. रांगेत बसा." थोरला मान खाली घालून आला. त्याच्याही डोक्यावर तिनंच पाणी घातलं. जरा जोरातच घातलं, असं मला वाटलं. दुपारी पिशवीतले कपडे परत दोरीवर दिसले.

हाक मात्र तिनं मारली नाही. परतीच्या गाडीत मी काटेवाल्यांकडे पाहिलं तर ते बोट हलवून म्हणाले, "अजून हालतोय."

त्या सुट्टीचं पुस्तक झालं तेव्हा त्यात 'आमची न्हाई ती' हे वाक्य जसंच्या तसं होतं. छापखान्याचे व्यवस्थापक म्हणाले काढा, मुलांच्या पुस्तकात बरं दिसत नाही. मीही म्हणालो, जरा सौम्य करा. काटेवाले म्हणाले, "बोललं ते बोललं, सर. वजन कमी करून लिवू का?" थोरल्यानं ते वाचलं. मग महिनाभर रोज टँकरवरून मुलीची घागर तोच उचलून आणत होता, असं मला नंतर कळलं.

सात पुस्तकं झाली. मग छापखाना बंद पडला. मुलगे नोकरीला पुण्याकडे गेले, मुलगी लग्न होऊन उमापूरला गेली. कारखान्यात आकडे आपोआप दाखवणारा काटा आला. तो हलत नाही, एकदम आकडाच दाखवतो. काटेवाल्यांना तो कधी खरा वाटला नाही. निवृत्त झाल्यावर ते माझ्या ओट्यावर येऊन बसायचे. मुलगी माहेरी येऊन गेली की मी विचारायचो, "काय म्हणाली?" ते हसायचे. "लई बोलली. लेकरांचं, शेताचं, समदं बोलली." हाकेचं नाव मात्र निघायचं नाही. पुढे मी विचारणं सोडून दिलं.

गेल्या वर्षी ते गेले. दिवस झाल्यावर महिन्याभरानं मुलगी माझ्याकडे आली. तिचेही केस आता पांढरे व्हायला लागलेत. तिनं पिशवीतून एक वही काढून माझ्या हातात दिली. "अण्णांनी ठिवली होती, सर. आठवं पुस्तक हाय."

मी वही उघडायची सोडून तिच्याकडे बघत राहिलो. "काय म्हणालीस?"

"अण्णा," ती म्हणाली. मग तिला कळलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "सासरी समद्यांफुडं अण्णाच म्हणते की मी. लगीन झाल्यापासनं. माझे अण्णा असे, माझे अण्णा तसे."

"आणि त्यांच्यासमोर?"

"जीभच उचलायची न्हाई. इतकी वर्सं न म्हणलेलं, एकदम कसं म्हणावं? फोनवर बी 'मी हाय, आईला द्या', एवढंच."

मी वही उघडली. म्हातारे आईबाप आणि मोठी झालेली मुलं दोन दिवसांच्या सुट्टीत धर्मापुरीचं देऊळ बघायला जातात, अशी गोष्ट होती. शेवटी मुलगी सासरी जायला एसटीत बसते. गाडी सुटते, ती खिडकीतून बाहेर वाकते आणि हाक मारते. तिथे त्यांनी एका शब्दाएवढी जागा कोरी सोडली होती, पावतीवर वजनाची सोडायचे तशी. त्या जागेत आता बॉलपेननं, वेगळ्याच अक्षरात, 'अण्णा' असं लिहिलेलं होतं.

"ते मी भरलं," ती म्हणाली. "चालंल का? आन् चित्रात या बारीला माझं तोंड काढा, सर. पाठमोरी नगं."

मी मान हलवली. ती उठली, चप्पल घातली आणि उंबऱ्यात थांबली. "त्यांना ठावं असंल का हो? मी तसं म्हणते ते?"

वही माझ्या हातात उघडीच होती. कोरी सोडलेली जागा आम्ही दोघांनीही पाहिली होती.

"ठाऊक होतं," मी म्हणालो. "मला सांगितलं होतं त्यांनी."

तिनं डोळे पुसले, वाकून नमस्कार केला आणि एसटी गाठायला गेली. काटेवाल्यांनी मला असलं काही कधीच सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांच्या नावावर लिहिलेलं हे एकच खोटं वजन. ते असते तर त्यांनी ती पावती फाडून टाकली असती.