घुगऱ्या बारशाच्या नव्हत्या

घंटाघराखाली मी एकटी उभी होते आणि नवरा दिसत नव्हता. सकाळी त्यानं इन्सुलिन घेतलेलं, पोटात पावाचा एक तुकडा. शुगर उतरली की तो असेल तिथं कोसळतो. गावाकडं धाडच्या बाजारात कोसळला तेव्हा ओळखीचे लोक धावले होते. इथं कोण धावणार? लिमलेटच्या गोळ्या माझ्या पिशवीत, मोबाईल लेकीच्या घरी.

गाव बल्गेरियातलं, डोंगरांमधल्या खोऱ्यातलं. लेक तिथं नोकरीला, म्हणून आम्ही बुलढाण्याहून गेलो होतो. ती कामावर गेली की दोघं फिरायचो. पाहायला पुष्कळ आहे. नदीवर कमानीचा दगडी पूल, छपरांवर दगडी फरशा, घरात लाकडी छताला कोरलेले सूर्य. दारोदार माणसांचे फोटो चिकटवलेले. मला वाटलं, निवडणूक आहे.

लेक म्हणाली, "आई, मेलेल्या माणसांचे आहेत ते. वर्षश्राद्धालाही लावतात."

त्या दिवशी नवऱ्याला शोधत मी घंटाघराकडून पुलावर गेले, नदीत वाकून पाहिलं. मग चर्चकडे वळले. ते रस्त्यापेक्षा खाली आहे. तुर्कांच्या राज्यात उंच बांधू देत नसत, म्हणून लोकांनी जमीन खोदून बांधलं. पायऱ्या उतरले, तर हा बाकावर बसून खात होता. शेजारी काळ्या कपड्यातली म्हातारी.

"काऊन हो, मले न सांगता कुठी आले?"

"घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली, सावलीत घुसलो. या बाईनं घुगऱ्या देल्या. गोड हायेत. आता बरं वाटून राह्यलं. हिच्या घरी बारसं दिसते."

आमच्याकडे घुगऱ्या बारशाला वाटतात. वाटीत उकडलेले गहू होते, वर पिठीसाखर आणि अक्रोड. हा दोन्ही हातांचा पाळणा करून, तो हलवत बाईला विचारत होता, पोरगा की पोरगी?

तिच्या मांडीवर काळ्या चौकटीतला फोटो होता. मिशीवाला म्हातारा. दारांवर असतात तसाच.

"पाळणा थांबवा," मी म्हटलं. "तिचा नवरा मेला. त्याच्या नावानं वाटून राह्यली ती."

त्याचे हात तसेच राहिले. बाईनं त्या हातांच्या पाळण्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि हसायला लागली. डोळे पुसून तिनं मलाही वाटी भरून दिली. मी खाल्ल्या. आपण मीठ घालून करतो, त्यांच्यापेक्षा या चांगल्या.

तिचा माणूस गेला तो गेलाच. माझा तिच्या गव्हावर वाचला. आत्ता बुलढाण्याला घरच्या ओट्यावर बसून चहा मागतोय.