बत्तीस हमाल

चैताली केदारेने पडद्यावरच्या चिन्हावर दोनदा टिचकी मारली आणि शेजारचा चहाचा कप उचलला. कप तोंडापर्यंत पोचलाच नाही.

काळ्या चौकटीत रोज ज्या ओळी पळायच्या त्या आजही पळत होत्या. पण रोज त्यांच्यापुढे टक्के असत. आज प्रत्येक ओळीआधी एकच शब्द होता, ‘एक्स्ट्रा’. जास्तीची फाईल. म्हणजे पुढच्या मशिनवर नाही, मागच्यावर उगाच पडलेली, सबब काढून टाकली. निफाडची हळद काढून टाकली. ओझरचा साखरपुडा काढून टाकला. देवळालीचं बारसं, त्याचे नऊशे फोटो, एका श्वासात काढून टाकले.

तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच परका वाटला.

“हात वर!”

आतल्या खोलीत लेन्स पुसत बसलेला रविराज, ज्याचा हा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ, दचकून उठला. त्याला वाटलं चोर शिरला. येऊन बघतो तर चैताली टेबलाखाली गुडघ्यांवर, ओढणी धुळीत, आणि हातात भिंतीतून उपटलेली वायर.

“ताई, काय झालं? शॉक लागला का?”

“लागला,” ती म्हणाली. “पण विजेचा नाही.”

‘हात वर’ हे विंचूरचं बोलणं. चैतालीचे वडील रंगनाथ तिथल्या कांदा बाजारात हमाल होते. लहानपणी त्यांची भाकरी घेऊन गेली की ती पोत्यांच्या थप्पीवर बसून गाडी खाली होताना बघायची. एका पाठीवर एक पोतं, अशी वीस-बावीस माणसं मुंग्यांसारखी धावायची. मध्येच काही चुकलं, गाडी भलत्याच गाळ्यापुढे लागली, की मुकादम ओरडायचा, “हात वर!” आणि उचललेलं पोतंसुद्धा आहे तिथं टेकवून सगळे जागच्या जागी थांबायचे. दहा हातांनी चाललेलं काम दहा पटीने चुकतं, हे त्या बाजारात अडाण्यालाही माहीत होतं.

चैताली बी.कॉम. झाली, लग्न होऊन नाशिकरोडला आली. मुलगी शाळेत जायला लागल्यावर औषधाच्या दुकानावरच्या या स्टुडिओत आधी नुसते अल्बम लावायला आणि मग व्हिडिओ मिक्सिंगला लागली. एका वेळी एकच काम करणं हे तिच्या स्वभावातच नाही. घरी गॅसच्या चारही शेगड्या पेटलेल्या, पोळी उलटता उलटता मुलीचे पाढे, आणि खांद्या-कानाच्या बेचक्यात नणंदेचा फोन. नवरा म्हणायचा, “हिला अजून दोन हात दिले असते, तर शेजाऱ्यांचा स्वयंपाक करून आली असती.”

अशा बाईला स्टुडिओतली रीत बघवेना. एका लग्नाचे चार कॅमेरे, वर ड्रोन, हजारो फोटो. पुढच्या मशिनवरून मागच्या खोलीतल्या साठवणीच्या मशिनवर ते पाठवायचे, तर रविराज माऊसने ओढून सोडायचा आणि जेवायला जायचा. जेवण, वामकुक्षी, संध्याकाळचा चहा झाला तरी हिरवी पट्टी अर्ध्यातच. चैतालीने शोधून शोधून कॉम्प्युटरमध्येच फुकट बसलेली एक आज्ञा काढली. ती फाईली एकामागून एक नेत नाही, एका दमात अनेक धागे सोडते आणि प्रत्येक धागा आपापली फाईल उचलतो.

“म्हणजे असं बघा दादा, इतके दिवस तुमचा एकच हमाल होता. मी बत्तीस लावले.”

“मग चौसष्ट लाव की!”

“दार तेवढंच आहे ना. जास्त लावले की दारातच धडकतात. आणि दगडी जातं एकच असेल, तर ते काही बत्तीस जण मिळून लवकर नेत नाहीत. फोटोंसारखी खूप पोती असली तर खरी मजा.”

मजा खरीच आली. अर्ध्या दिवसाचं काम तासाभरात होऊ लागलं. मग तिने आणखी एक सोय जोडली. मागचं मशिन पुढच्यासारखं हुबेहूब करायचं. पुढे जे आहे ते मागे न्यायचं, आणि पुढे जे नाही ते मागून काढून टाकायचं, म्हणजे रद्दी साठत नाही. त्या आज्ञेला ‘आधी नुसती यादी दाखव, हात लावू नको’ असंही सांगता येतं. पहिले चार महिने चैताली तशी यादी बघायची. मग रोज तेच ते बघून कंटाळली आणि ती पायरी काढून टाकली. पडद्यावर एक चिन्ह, दोन टिचक्या, काम फत्ते.

वडिलांचा मुकादम पोत्याला पाठ लावायच्या आधी गाडीत चढून बघायचा. हे तिला टेबलाखाली, वायर हातात असताना आठवलं.

रविराजने दोन्ही मशिनांचे खण ओढून डिस्क बाहेर काढल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, काळ्या. दोन्हींवर कुंकवाची बोटं आणि झेंडूच्या पाकळीचा पिवळा डाग.

काल दसरा होता. मागच्या मशिनची जुनी डिस्क महिनाभर टकटक करून मेली होती. तिच्या जागी रविराजने दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी आणली. म्हणजे कालच्या दिवशी स्टुडिओतली सगळी लग्नं एकाच डिस्कवर उभी होती. आज ती नव्या डिस्कवर उतरवायची आणि मग निवांत व्हायचं, एवढंच चैतालीचं काम होतं. पूजेला कॅमेरे, दिवे, तिपाया मांडल्या. त्यात रविराजच्या आई फुलाबाई म्हणाल्या, “अन् ज्याच्यात सगळी लक्ष्मी भरली त्याला खणात कोंडून ठेवता व्हय? काढा बाहेर.” डिस्क पाटावर आल्या. आरती झाली. रविराज पेढे वाटायला गेला आणि फुलाबाईंनी डिस्क परत खणांत घातल्या.

“पण मी नावं लिहिली होती,” चैताली पुटपुटली. “कागदी पट्टीवर. पुढची, नवी.”

फुलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

“ती चिकटलेली पट्टी? मळली होती गं. मी नखानं खरवडून काढली. देवापुढं घाण कशी ठेवायची?”

भरलेली डिस्क मागे गेली होती, कोरी पुढे आली होती. पुढे काहीच नव्हतं, म्हणून बत्तीस जणांनी मागे काहीच ठेवलं नव्हतं. दोनशे सात लग्नं. वायर उपटेपर्यंत अर्धा मिनिटही गेलं नसेल.

“कॅमेऱ्यातली कार्डं?” तिने विचारलं.

“मुहूर्ताला कोरी करून ठेवली,” रविराज खाली बसत म्हणाला. “पुढच्या सीझनसाठी.”

तेवढ्यात चैतालीचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं वेदिका, सिन्नर.

वेदिकाचं लग्न मे महिन्यातलं. व्हिडिओ दसऱ्यापर्यंत रखडलेला. या धंद्यात ते नवल नाही. पण भाद्रपदात तिच्या आजीला, बयाबाईंना, अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. ती आजी नातीच्या हळदीला चाळीस मिनिटं एकटी गायली होती. कागद नाही, वही नाही. गावात आता ती गाणी येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. गेल्या आठवड्यात वेदिका म्हणाली होती, “लग्न राहू द्या हो ताई, नाचतानाचं सगळं राहू द्या. आजीचं गाणं तेवढं आधी द्या.” आणि चैतालीने दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार कबूल केला होता.

फोन वाजून वाजून थांबला.

“कार्ड खराब निघालं म्हण,” रविराज हळूच म्हणाला. “लोक मानतात.”

“कार्ड नाही खराब झालं, दादा. मी यादी बघितली नाही.”

शहरात डिस्कमधलं गेलेलं शोधून देणारा एक माणूस होता. त्याने डिस्क उलटीपालटी केली आणि विचारलं, “पुसल्यावर हिच्यावर काही लिहिलं?”

“नाही. वायरच उपटली.”

“मग नशीब चांगलं आहे. पुसलं म्हणजे लगेच जळत नाही, नुसता पत्ता जातो. वर दुसरं काही बसलं की मगच संपतं. पण पत्ताच गेला, की विखुरलेले तुकडे सगळे जुळतीलच असं नाही.”

चार दिवसांनी त्याने दिलं ते बघून चैतालीला दुसरा धक्का बसला. लाखो फाईलींपैकी अकरा हजारच परत आल्या, आणि त्यांतल्या एकीलाही नाव नाही. बारसं कुठलं, हळद कुणाची, काही पत्ता नाही. बाजारात सगळ्या गाड्यांची पोती एकाच ढिगात ओतावीत, तसं. इथे बत्तीस हमालांचा उपयोग नव्हता. एकेक फाईल उघडायची, बघायची, नाव द्यायचं. आयुष्यात पहिल्यांदा ती एका वेळी एकच काम करत बसली. फुलाबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्यांना कॉम्प्युटर कळत नव्हता, पण पातळ कळत होतं. “ही काठापदराची येवल्याकडची पाव्हणी. ही मगाच्याच लग्नातली बघ. मगाशी पंगतीत होती.” त्यांच्या डोळ्यांनी निम्मी लग्नं जुळली. मध्येच त्या म्हणायच्या, “माझ्यामुळं गं.” चैताली म्हणायची, “तुम्ही नुसती पट्टी काढलीत आजी, यादी न बघता टिचकी मी मारली.”

सहाव्या दिवशी हेडफोनमध्ये एक खरखरीत, चढा आवाज आला.

हळद दळिते बाई, जात्याला देते पाणी,
लेक वेदिका माझी, उद्या परक्याची राणी...

चैतालीने पडद्याकडे बघितलं. चित्र सगळं हिरव्या-जांभळ्या चौकोनांत फुटलेलं. आजीचा चेहरा नाही, नातीचा नाही. मध्येच एक पिवळा हात, तोही कोपरापासून तुटलेला. आणि आवाज अकरा मिनिटांनी कात्रीने कापावा तसा बंद. तिने दोन वेळा सगळा ढीग पालथा घातला. उरलेली एकोणतीस मिनिटं कुठेच नव्हती.

रविवारी ती एकटी बसने सिन्नरला गेली, तिथून जीपने वस्तीवर. ओसरीवर खाटेवर बयाबाई, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात गोधडीवर ठेवून दिल्यासारखा. वेदिका हसत पुढे आली. चैतालीने पाणीसुद्धा घ्यायच्या आधी सांगून टाकलं. मुहूर्त, पाट, पट्टी काहीच आड घेतलं नाही. मी न बघता आज्ञा दिली, एवढंच सांगितलं.

वेदिकाचं हसू तसंच राहून गेलं.

“पुसलं? तुम्ही पुसलं? अहो आम्ही मोबाईलवर पण केलं नाही रेकॉर्ड. तुमचा माणूसच म्हणाला होता ना, मधे मधे येऊ नका, आम्ही घेतोय सगळं म्हणून!”

“हो.”

“आणि आता अकरा मिनिटं घेऊन आलात?”

“चित्रही नाही त्यात. फक्त आवाज आहे.”

वेदिका पाठ फिरवून उभी राहिली. चैतालीला वाटलं, आता ही मारेल तर बरं होईल. खाटेवरून ‘अं, अं’ असा आवाज आला. बयाबाई डाव्या हाताने लॅपटॉपकडे खुणावत होत्या. लाव.

तिने लावलं. ओसरीत तो चढा आवाज भरला. अंगणात गड्याने बैल थांबवले. बयाबाई आधी कुणाचा आवाज म्हणून इकडेतिकडे बघायला लागल्या, मग त्यांचे डोळे मोठे झाले. स्वतःला ऐकून माणूस इतकं हादरतं, हे चैतालीने पहिल्यांदा पाहिलं. डाव्या हाताची बोटं खाटेच्या लाकडावर ठेका धरायला लागली. आणि सातव्या मिनिटाला तो हात एकदम वर झाला.

“आज्जे! काय झालं? दुखतंय का?” वेदिका धावली. चैतालीने घाबरून आवाज बंद केला. हात तसाच वर. बयाबाईंनी रागाने मान हलवली, पुन्हा लाव म्हणून खुणावलं. पुन्हा त्याच जागी हात वर.

तिसऱ्यांदा वेदिका कान देऊन ऐकत राहिली. आत्याचं नाव आलं, काकाचं आलं, काकूचं आलं... आणि ती एकदम खाली बसली.

“मामाला गाळलंस! आज्जे, तू मामाचं नावच घेतलं नाय! म्हणून तो जेवायला बसत नव्हता तेव्हा!”

बयाबाईंचं अर्धं तोंड हसलं. दुसऱ्या अर्ध्याने जमेल तेवढं केलं. वेदिका हसत होती आणि ओढणीने नाक पुसत होती. चैतालीकडे न बघताच ती म्हणाली, “चहा टाकते. साखर चालते ना?”

माफ केलं, असं कुणी म्हणालं नाही. चैतालीने विचारलंही नाही. तिने ती अकरा मिनिटं वेदिकाच्या फोनवर घेतली, मग पेनड्राइव्हवर, मग गाण्यात गाळलेल्या त्या मामाच्या फोनवर पाठवली. एकानंतर एक. प्रत्येक प्रत उघडून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली, आणि प्रत्येक वेळी सातव्या मिनिटाला खाटेवरचा हात वर गेला की मगच पुढच्या प्रतीला हात घातला.