नावेपर्यंतची वायर

उस्मानपुऱ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळक्या मोटारीचा वास घेऊन ती कशानं जळाली ते मी सांगतो आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो. ही बढाई आत्ताच मारून घेतो, पुढं मारायला तोंड राहणार नाही.

दोन वर्षांपूर्वी मला नावेचं खूळ लागलं. पैठणजवळ नाथसागरात एक जुनी लोखंडी नाव विकायला होती, ती घेतली. डागडुजी करायची आणि हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवायचं, असा बेत होता. नावेला एकच खोड होती. नाव ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथून पाणी झिरपायचं. म्हणून तळाशी छोटा पंप बसवला. पंप बॅटरीवर, बॅटरी चार्जरवर आणि चार्जर काठावरच्या विजेवर. यातलं एक जरी थांबलं तरी नाव तळाला जाणार.

वीज एका शेतमालकानं आपल्या मोटारीच्या खोलीतून दिली होती. खोलीला लागूनच पत्र्याच्या घरात त्याचा राखणदार आणि त्याची बायको राहायची. मी त्यांना मामा-मामी म्हणायचो. त्यांच्या घराची लाइनही खोलीच्या बाहेरच्या भिंतीवरच्या त्याच बोर्डावरून गेलेली. मी आठवड्यातून दोनदा मोटारसायकलवर जायचो, एरवी नाव मामांच्या भरवशावर.

उन्हाळा लागला तसं पाणी हटायला लागलं. दर पंधरवड्याला नाव आणखी पुढं न्यावी लागायची आणि दर वेळी दुकानातला उरलासुरला वायरचा तुकडा जोडून मी लाइन लांबवायचो. पीळ मारायचा, वर काळी टेप गुंडाळायची, की झालं. एप्रिलपर्यंत नाव बोर्डापासून दोनशे पावलं लांब गेली.

आणि एका रविवारी चार्जरचा लाल दिवा लागलेला दिसला. म्हणजे बॅटरी भरत नव्हती. चार्जरच्या काट्यावर व्होल्टेज एकशे साठ. हात घालण्याआधी बटण बंद, हे उस्तादानं कान पिळून शिकवलेलं. मी चार्जर बंद केला आणि वायरीच्या टोकाला मीटर लावला. पूर्ण दोनशे तीस! चार्जर लावला, पुन्हा एकशे साठ. चार्जर काढून मीटर लावला की दोनशे तीस. असं चार वेळा झालं.

मी मान वर करून काठाकडं बघितलं. पत्र्याच्या घराची खिडकी नेमकी नावेच्या तोंडासमोर होती. मी मीटर हातात घेतला की मामा घरात काहीतरी बंद करतात, हे माझ्या डोक्यात त्याच क्षणी पक्कं बसलं. कॉइलची शेगडी, दुसरं काय! अख्खी लाइन खाणारी.

मग काय, मला तेवढंच दिसायला लागलं. मामींच्या चुलीतून सकाळी धूर का निघत नाही? मामा मला चहा द्यायला एवढे का धावतात? एके दिवशी तर नावेतल्या फळ्यांवर ओल्या पायांचे ठसे दिसले, बादलीही जागची हललेली. म्हणजे वीजही आमची आणि मासे धरायला नावही आमचीच! मी चहा नको म्हणायला लागलो. नुसतं हं, हं करून बोलायला लागलो.

एका गुरुवारी मी कोणाला न सांगता बोर्डावरून त्यांच्या घराचा फ्यूज काढून खिशात टाकला. मामी पदरानं वारा घेत दारात आल्या.

"पंखा बंद पडला भाऊ. बघता का जरा?"

"फॉल्ट असंल मामी. मालकाला सांगा," मी म्हणालो. तसाच निघून आलो.

रविवारी गेलो तर व्होल्टेज एकशे पन्नास. कोणीही शहाणा माणूस इथं थांबला असता. मी म्हणालो, म्हातारा भलता बिलंदर, खांबावर आकडा टाकला वाटतं! आता रंगेहाथ धरायचं ठरवलं आणि मंगळवारी, माझा येण्याचा वार नसताना, सकाळीच पोचलो. मामा नावेतच सापडले. गुडघाभर पाण्यात उभे राहून बादलीनं पाणी उपसत होते.



"तुमचा पंप बंदच पडतोय वो," मामा कंबर सरळ करत म्हणाले. "आठ-धा दिस झालं. सकाळ-सांज उपसतो, नायतर बसलीच असती नाव."

"मला फोन का केला नाही?"

"तुमी धड बोलंना. म्हणलं, राग हाय कशाचा तरी. लई डोकं खाऊ नाय." मग बादली खाली ठेवून म्हणाले, "एक सांगू का? तुमची वायर तापती. काल पाय पडला तर चटका बसला."

अनवाणी माणूस तो. मी चार्जर चालू ठेवून काठानं चालत गेलो आणि उलट्या हातानं टेपा चाचपल्या. तिसऱ्या जोडाला हात टेकवेना. टेप वितळून चिकटली होती. उरलासुरला बारीक तुकडा, माझ्याच हातचा पीळ. चार्जरचा लोड आला की सगळं व्होल्टेज तिथंच जळत होतं आणि मी मीटर लावताना लोड काढून ठेवत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

लाइन बंद करून मी बोर्डाकडं गेलो. मामा मागोमाग आले. खिशातला फ्यूज काढताना मी त्यांच्याकडं पाठ केली, पण बसवताच आत पंखा फिरायला लागला आणि मामींचा "आला बाई" असा आवाज आला. पाच दिवस पत्र्याखाली, एप्रिलात.

"मामा, फ्यूज मीच काढला होता," मी म्हणालो.

"ठावं हाय. खिडकीतनं दिसलं."

"मग बोलला का नाही?"

मामांनी ओलं धोतर पिळलं.

"तुमी मिस्त्री," ते म्हणाले. "म्हणलं, नावंसाठीच काढला असंल. पंख्याबिगर मानूस ऱ्हातंय, नाव बुडाली तर काय करता?"