गुरुवारचं पाणी

तुमची संघटना सुरू कशी झाली, असं कुणी विचारलं की आमचे काका सांगतात, फेसामुळे. काका चिखलीचे, कंपनीत फिटर होते, आता रिटायर. पुलावरून जाताना त्यांना नदीवर पांढरा फेस दिसला. त्यांनी तो शेजाऱ्यांना नेऊन दाखवला, शेजाऱ्यांनी आपल्या पाहुण्यांना. बस, एवढंच. ना उद्घाटन, ना हारतुरे. मग कुरुळीची माणसं आली, महाळुंग्याची आली, आमच्या विहाराच्या हॉलमध्ये बैठका भरायला लागल्या आणि लोक आम्हाला 'नदीवाले' म्हणायला लागले. पुढे कागदोपत्री चांगलं लांबलचक नाव ठेवलं, ते आमच्यातल्या निम्म्यांना धड आठवत नाही.

काम साधं. ओढे-नाले नदीला मिळतात तिथलं वाहतं पाणी बाटलीत भरायचं, तपासायला द्यायचं आणि निकाल घेऊन प्रदूषण मंडळाच्या कचेरीत जाऊन बसायचं. काकांचं म्हणणं एकच, आपण लहानपणी ज्या पाण्यात उतरलो त्यात नातवंडांनाही उतरता आलं पाहिजे. कंपन्या बंद पाडा असं आम्ही कधी म्हटलं नाही. बंद पाडून खायचं काय, दगड? माझे वडील कंपनीत होते, भाऊ कंपनीत आहे, मी स्वतः चाकणला गाड्यांचे सुटे भाग तपासते. आमच्यात बिनकंपनीचं माणूस दिवा घेऊन शोधावं लागेल. म्हणून आमचा सगळा कारभार गुरुवारी चालायचा. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, रविवारी आम्ही मशीनवर. गुरुवारी नाष्टा उरकून बाटल्या भरायच्या आणि दुपारी बैठकीला बसायचं, ही आमची शिस्त. तिचा आम्हाला भारी अभिमान होता.

कुरुळीच्या मावशी एका बैठकीला आल्या त्या विहिरीची तक्रार घेऊन. ओढ्याकाठी त्यांची विहीर, शेजारी म्हशींचा गोठा, मागे कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या. पाण्याला उग्र वास येतो, म्हशी तोंड लावीत नाहीत, म्हणाल्या. आम्ही लगेच कामाला लागलो. विहिरीत घाण येणार ती ओढ्यातूनच, म्हणून बरेच गुरुवार ओढ्याचं पाणी भरलं. दर वेळी निकाल चांगला. कचेरीतले साहेब हसून म्हणाले, "अहो, तुमच्याच बाटल्या सांगतायत ओढा स्वच्छ आहे. विहिरीत गाळ असेल, काढून घ्या म्हणावं."

मावशींनी गाळ काढून घेतला. वास राहिलाच. मग गावात कुजबुज सुरू झाली, म्हातारीला कंपनीकडून भरपाई उकळायची आहे. खोल्यांमधली पोरंसुद्धा आडून हसायची. ज्या बाईच्या शब्दावर गावातली भांडणं मिटायची, तिला या वयात खोटारडी ठरवायला आमच्याच बाटल्या कामी आल्या. एकदा भर बैठकीत त्यांनी विचारलं, "मी खोटं बोलती व्हय?" काका निकालांचे कागद पुन्हा चाळायला लागले. मला इतका संताप आला की मी चहाचा कप आपटला. पण कप आपटून पाणी घाण ठरत नाही.

दिवाळीच्या आधी विजेच्या लाइनचं काहीतरी काम निघालं, म्हणून आमच्या कंपनीने सुट्टी बदलून सोमवारी दिली. त्यात मावशींचा फोन आला, "म्हस व्यायलीया. चीक ठिवलाय, घिऊन जा पोरी." मला खरवस म्हणजे जीव की प्राण. डबा घेतला आणि निघाले. वाटेत ओढ्यावरच्या मोरीपाशी गाडी हळू केली आणि वास नाकात घुसला. खाली पाणी गंजाच्या रंगाचं, वर तेलकट तवंग. पलीकडच्या शेडमध्ये प्रेस धाडधाड चालू होत्या. मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले आणि काकांना फोन लावला.

"काका, ओढा लालभडक वाहतोय."

"आज? आज तर सोमवार आहे."

"तेच म्हणतेय मी. आपण येतो कधी?"

मग काका म्हणाले, "गुरुवारी. आणि गुरुवारी सगळं बंद असतं. अगं, आपल्यासारखे शहाणे आपणच." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातला प्रकार. सगळे जन्मभर कंपनीत घासलेले, भोंगा आणि शिफ्ट झोपेतही न चुकणारे, आणि कंपनी बंद असली की तिचं पाणीही बंद असतं एवढं एकालाही सुचू नये! मला हसू येत होतं आणि मावशींच्या दारात जायची लाजही वाटत होती.

त्यानंतर आम्ही चालू दिवशी बाटल्या भरल्या. कुणी सेकंड शिफ्ट मागून घेतली, कुणी रजा टाकली. आमच्यातल्या एकाने तोंडाला रुमाल बांधला होता, कारण त्याचा सुपरवायझर त्याच रस्त्याने जायचा. या वेळी निकाल वाईट आला. कचेरीची माणसंही मग चालू दिवशी आली, एका वर्कशॉपमागचा चोरटा पाइप सापडला आणि बंद झाला. विहिरीचं पाणीही त्यांनी तपासलं. माणसांनी किंवा जनावरांनी ते पिऊ नये, आणि विहीर पुन्हा कधी चांगली होईल ते आज सांगता येणार नाही, असं ते म्हणाले.

मावशींना सांगायला काका आणि मी गेलो. मी रस्ताभर खुशीत. गावाची तोंडं बंद झाली, मावशींचा शब्द खरा ठरला, कधी एकदा सांगते असं झालं होतं. गोठ्यात शिरता शिरताच मी म्हणाले, "मावशी, तुमचंच खरं निघालं!"

त्या धार काढत होत्या. काकांनी विहिरीचं सांगितलं तेव्हा त्यांचे हात थांबले. पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, तुमी येवढी शिकल्याली माणसं, तुमचंच खरं आसंल. मीच खोटी निघाली आसती तर बरं झालं आसतं, पोरी."