मोठीमायची चाकोरी

आमची मोठीमाय, म्हणजे माझी थोरली चुलती, चालत्या ट्रॅक्टरपुढे बिनधास्त उभी राहायची. हातात बाभळीची काठी, पदर खोचलेला, आणि जागचं हलणं नाही. ट्रॅक्टर मीच चालवायचो, त्यामुळे हे दर्शन मला वारंवार घडलं. "ज्या चाकोरीनं आल्तास, त्याच चाकोरीनं जाय," एवढंच म्हणायची.

नव्वदनंतरची गोष्ट. हसनाबादजवळच्या आमच्या रानात मक्याचं पीक तेव्हा नव्यानंच आलं होतं. थोरले चुलते गेल्यावर त्यांच्या वाट्याचं अर्धं रान मोठीमाय स्वतः करायची. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते पटत नसे. त्या वर्षी ऐन कणसं मोडायच्या वेळी पाऊस झाला आणि काळी माती लोण्यासारखी मऊ झाली. आमच्या अर्ध्यात मी ढीग दिसेल तिथे ट्रॉली नेली. मोठीमायने मात्र खुंट्या ठोकून मधोमध एकच वाट ठेवली आणि कणसं टोपल्यांनी त्या वाटेवर आणायला लावली. बाया कुरकुरल्या तेव्हा पहिली टोपली तिनेच डोक्यावर घेतली.

मग धांड्यांवरून, म्हणजे कणसं मोडल्यावर उरलेल्या मक्याच्या ताटांवरून, वाजलं. दादांनी आमचे धांडे पेटवून एका दुपारीत रान मोकळं केलं आणि हरभरा पेरला. मोठीमायने बैलांपुरते ठेवून बाकीचे कोयत्याने तोडले, रानातच अंथरले आणि त्यांच्यामधून हरभरा टोकला.

"वहिनी, हे रान हाय का उकिरडा?" दादा बांधावरून ओरडले. "हरभरा न्हाई आला तर पुढच्या साली तुमचं रान मीच करीन."

"बराबर हाय, भावजी. अन् आला तर?"

"मंग मी तुमचं ऐकीन."

मजुरांसमोर झालेलं बोलणं. रान हातचं गेलं असतं तर ती बाई खचलीच असती.

थंडीत थेंबभर पाऊस नाही. आमच्या हरभऱ्यात चाकांनी ओली माती दाबली होती तिथे पिवळे, खुजे पट्टे पडले. माझं ड्रायव्हिंग रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसत होतं. मोठीमायचा हरभरा हिरवागार, घाट्यांनी लगडलेला. धांडे सारून बोट घातलं की खाली ओल. दादांनी तीनदा बोट घालून पाहिलं, मग टोपी काढून डोकं खाजवलं. मी हरलेल्या बाजूचा, तरी शीळ घालत घरी आलो.

पुढे मोठीमायचे गुडघे गेले. लेक तिला जालन्याला न्यायला आली ती नेमकी मक्याच्या काढणीत. मोठीमाय रानातून हलेना, म्हणून जीपच रानात आणली. ती बसली, ड्रायव्हरने जवळ पडतं म्हणून गाडी आडवी घातली, आणि पुढ्यात दादा. हातात तीच बाभळीची काठी.

"चाकोरीनं जाय," दादा म्हणाले.

जीप मागे सरून चाकोरीला लागली. मोठीमाय डोळे पुसत हसत होती. खिडकीतून डोकं काढून तिने विचारलं, "अन् धांडे, भावजी?"

"न्हाई जाळत, वहिनी. बिलकुल न्हाई."