पेट्रोल, हवा आणि आतोबा

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ पेट्रोल आणि हवा यांच्या चुकलेल्या प्रमाणात आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या नशिबी आला. आत्याचे यजमान म्हणून आम्ही भावंडं त्यांना आतोबा म्हणत असू. बडोद्याच्या एका शाळेत ते भूगोल शिकवायचे, पण त्यांचा जीव अडकला होता दुधी रंगाच्या एका छोट्या गाडीत. गाडी घेतली तेव्हाच जुनी होती, पुढे फारच जुनी झाली. तिच्या कार्बोरेटरवर एक बारकासा स्क्रू होता. तो बाहेर फिरवला की इंजिनाला पेट्रोल जास्त मिळायचं, आत पिळला की कमी. या दोहोंच्या मधे कुठेतरी गाडीचं सुख दडलेलं असतं आणि ते फक्त आपल्या कानाला सापडतं, असं आतोबा म्हणत; आणि वाईट एवढंच, की ते खरं होतं. त्यांना चष्मा लागला, गुडघे कुरकुरायला लागले, दात गेले, कशाचंच त्यांना काही वाटलं नाही. कान तेवढा शाबूत हवा होता.

शर्टाच्या खिशात पेनाशेजारी त्यांचा डिसमिस असे. डिसमिस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. बडोद्यात राहिलं की मराठी माणूससुद्धा त्याला डिसमिसच म्हणतो. लग्नमुंजीत शेरवानी घातली तरी डिसमिस खिशात असायचाच. भूगोलाचे मास्तर असल्यामुळे हवेवर त्यांची सक्त नजर होती. खंभातच्या बाजूने दमट वारा सुटला की ते जेवता जेवता उठत आणि स्क्रू किंचित आत घेऊन येत. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमारास त्यांचं सगळं मांजलपूर गच्चीवर पतंग उडवत असताना आतोबा खाली बॉनेटमध्ये डोकं घालून उभे, कारण थंड हवेला पेट्रोल थोडं जास्त लागतं. रविवारी सकाळी तर सोसायटीत साक्षात शांतता पाळली जाई. इंजिन चांगलं तापवून झालं की आतोबा हात वर करत. मग समोरच्यांचा रेडिओ बंद. शेजारच्या भाभी खिडकीतून विचारत, "मास्तर, कूकर उतारी लउं?" आणि आतोबा मान न वळवता म्हणत, "हा बेन, बे मिनिट." दोन मिनिटांचा अर्धा तास होई, भाभींची डाळ कच्ची राही, पण सबंध सोसायटीत कोणी कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

लावलेलं पेट्रोल-हवेचं मिक्श्चर चढावर तपासायचं, हा त्यांचा दंडक. आता बडोदं पडलं तळहातासारखं सपाट. चढ म्हणाल तर रेल्वेवरचा पूल. शिवाय गाडीत वजन हवं. त्यामुळे आत्याकडे जेवायला जाणं म्हणजे आधी पूल ओलांडणं, हे नातेवाइकांनी मुकाट्याने मान्य केलं होतं. माझी आई नवी साडी नेसून मागच्या सीटवर, तिच्या शेजारी माझे बाबा, पुढे मी, आणि पूल चढताना कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही. एकदा बाबांना ऐन चढावर शिंक आली. आतोबांनी पलीकडे उतरून गाडी वळवली आणि आम्हाला पुन्हा पूल चढवला. घरी पोचेपर्यंत आत्याच्या पुरणपोळ्या गार झाल्या होत्या. "ऐक ने," आतोबा तिला समजावत होते, "पोळी पुन्हा गरम करता येते. तो आवाज पुन्हा मिळत नाही."

माणसंही ते मिक्श्चरवरूनच ओळखत. शाळेचे हेडमास्तर 'रिच', म्हणजे धूर फार, वेग कमी. शेजारच्या भाभी 'एकदम बरोबर'. माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा मला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी पोहे संपायच्या आत बॉनेटपाशी नेऊन उभं केलं आणि विचारलं, "काय ऐकू येतंय?" मुलगा घाबरून म्हणाला, "इंजिन." आतोबा आत येऊन बाबांना सगळ्यांदेखत म्हणाले, "जरा लीन आहे, पेट्रोल कमी. सुरुवातीला अडखळेल. गरम झाला की छान चालेल." त्याच मुलाशी माझं लग्न झालं. इतक्या वर्षांनी सांगते, निदान तंतोतंत होतं.

आतोबा रिटायर झाले आणि काही वर्षांनी गाडी बिघडायला लागली. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. "बस, आता बोलायला लागली," असं म्हणून त्यांनी बॉनेट लावावं आणि गाडीने खंडेराव मार्केटच्या दारात, भाजीच्या हातगाड्यांच्या ऐन गर्दीत प्राण सोडावा. आतोबांनी पंपवाल्याला दोष दिला, थंडीला दिला, खंभातच्या वाऱ्याला दिला. दाराची घंटा त्यांना ऐकू येईना, तेव्हा त्यांनी घंटाच बदलली. मग एका रविवारी मी माहेरपणाला म्हणून आत्याकडे गेले होते. व्हरांड्यात आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. आतोबा कार्बोरेटरवर वाकून, डोळे मिटून, स्क्रू केसभर आत, केसभर बाहेर करत होते. इंजिन केव्हाच बंद पडलं होतं. आत्याचा हात मेथीवर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि दोघींपैकी कोणालाच हाक मारायचा धीर झाला नाही.

त्यांच्या लेकीने कानाचं यंत्र आणून दिलं. ते लावून आतोबा पहिल्याप्रथम कुठे गेले असतील, हे सांगायला नको. पण यंत्रातून इंजिन त्यांना पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू आलं. कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, यंत्र वाईट आहे. आतोबांनी गाडी यंत्राच्या मापाने लावायला घेतली. तो खडखडाट मऊ करायचा म्हणून पेट्रोल वाढवत गेले, वाढवत गेले, आणि शेवटी सायलेन्सरमधून असा काळा धूर निघाला, की भाभींचे वाळत घातलेले पापड काळे झाले. पाणीगेटचा त्यांचा जुना मिस्त्री येऊन हळूच म्हणाला, "काका, हवे मने करवा दो ने." आता मला करू द्या.  डिसमिस टेबलावर ठेवून आतोबा आत जाऊन पडले. डिसमिस दिवसभर तिथेच पडून होता, आणि त्यांचा रिकामा खिसा बघवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या, जिने जन्मात कधी बॉनेटला बोट लावलं नव्हतं, पदर खोचून गाडीपाशी जाऊन उभी राहिली. "अहो, या. तुम्ही फिरवा, मी ऐकते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"आयुष्यभर दुसरं काय ऐकलंय मी या घरात?"

आतोबांनी यंत्र काढून ठेवलं. इंजिन सुरू झालं. त्या घरघरीत शब्दांचा उपयोगच नव्हता, म्हणून ते नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. स्क्रू बाहेर गेला तशी आत्याच्या कपाळाला आठी पडली. आत आला, आठी गडद झाली. पुन्हा केसभर बाहेर. आणि मग आत्याचं कपाळ हळूहळू मोकळं झालं, तसा आतोबांचा हात थांबला. त्या दिवशी गाडी कुठेही न अडखळता पूल चढून गेली. पुढे दर रविवारी हेच. आमच्या आत्याच्या चेहऱ्याकडे आतोबांनी इतका वेळ लग्नाच्या वर्षीसुद्धा पाहिलं नसेल, असं आई म्हणायची, आणि हसता हसता डोळे पुसायची.

आत्या गेली त्यानंतर आतोबांनी बॉनेट उघडलं नाही. भाभी रविवारी सवयीने कूकर उतरवून थांबायच्या आणि मग पुन्हा चढवायच्या. शेवटी जुन्या गाड्यांचा शौकीन असलेला अहमदाबादचा एक तरुण गाडी न्यायला आला, तेव्हा मी तिथे होते. त्याने बॅटरी जोडून इंजिन सुरू केलं, बराच वेळ ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "काका, आवो सरस अवाज में क्यांय नथी सांभळ्यो." आतोबा माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडले, "असा सुरेख आवाज कुठेच ऐकला नाही म्हणतोय!"

आतोबांनी मान हलवली. "तुझ्या आत्यानं लावलाय तो," ते म्हणाले. "स्क्रूला हात लावू नकोस म्हणावं त्याला."