पिंजारवाड्यातली लाल टिक

पद्माकर देवस्थळींची वामकुक्षी एरवी घड्याळी वीस मिनिटांची. आज डोळा लागता लागत नाही. उशाशी त्रेचाळीस फॉर्म आहेत, पिंजारवाड्यातल्या त्रेचाळीस मतदारांविरुद्धचे: 'इथे राहत नाहीत, नाव वगळावे.' पक्षाने नावंसुद्धा छापूनच पाठवलीत. वॉर्डप्रमुख म्हणून देवस्थळींनी संध्याकाळपर्यंत नुसती सही ठोकायची. चाळीस वर्षं सतरंज्या उचलल्यावर यंदा कुठे नगरपालिकेचं तिकीट मिळायचंय. सही नाही, तर तिकीट नाही.

पंखा घरघरतो, पापण्या जडावतात, आणि नानिवडेकर सर सायकल घेऊन थेट माजघरात येतात. सरांना जाऊन सहा वर्षं झाली. पण देवस्थळींना काळजी वाटते ती नुकत्याच पुसलेल्या फरशीची.

"ऊठ पद्या, चिठ्ठ्या वाटायच्यात."

सर म्हणजे गावातला पक्षाचा पहिला माणूस. मतदाराच्या नावाची चिठ्ठी ते घरोघर नेऊन देत, विरोधकाच्या घरीसुद्धा. माणूस डोळ्यांनी बघायचा, चिठ्ठी हातात द्यायची, मगच यादीत लाल पेन्सिलीने टिक. एकदा स्वतः निवडणुकीला उभे असताना पिंजारवाड्यात अशाच चिठ्ठ्या वाटल्या आणि तिथल्याच अकरा मतांनी पडले. लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय म्हातारा, म्हणून गाव हसलं होतं.

"सर, आता पक्ष तसा राहिला नाही."

"मोठा झालाय म्हणे?"

"बावीस नगरसेवक आहेत."

"आपण दोघंच होतो, तेव्हा कुणाला घाबरलो नाही. आणि तुम्ही बावीस जण गाद्या भरणाऱ्या म्हातारीला घाबरता?"

देवस्थळींना लाज वाटते, कानशिलं तापवणारी.

माजघराचं दार उघडतं ते पिंजारवाड्यात. हवेत कापूस तरंगतोय. बोळ शाळेच्या व्हरांड्यासारखा लांबच लांब, आणि घरांच्या दारांवर वर्गांचे नंबर. सर पहिला फॉर्म वाचतात. "सायराबी पिंजारी. राहत नाहीत?"

दारात म्हातारी केसांतला कापूस झटकत उभी. "कुटं जाऊ, मास्तर? हितंच हाय की. बसा, च्या टाकते."

"मत कुणाला देणार?" देवस्थळींना राहवत नाही.

"तुमाला तर न्हाईच," ती हसून सांगते.

सरही पोट धरून हसतात. "झालं तर! माणूस जागेवर आहे. मन वळवता येईल. नावच खोडलंस तर वळवशील कुणाला?" ते पेन्सिल पुढे करतात. "तिकीट गेलं तर जाऊ दे. अकरा मतांनी पडलो, त्या दिवशीही मला झोप छान लागली होती. कर टिक."

"अहो, झोपेत काय बोलताय?"

कुमुदताई पलंगाशी उभ्या आहेत. देवस्थळी उठून बसतात. पहिल्या फॉर्मवर, सायराबीच्या नावापुढे, लाल टिक आहे, जरा थरथरलेली. त्यांच्या अंगठ्यालाही लाली लागलीय. घरात लाल पेन्सिल कधीच नव्हती.

"चहा ठेवू?"

"नको," फॉर्म काखोटीला मारून चपला शोधत ते म्हणतात. "पिंजारवाड्यात घेईन. अजून बेचाळीस माणसं बघायचीत."